गोदामवाले आणि मी

६ जून

ताईला कॉलेजात फुकट मिळालेली डायरी तिने मला दिली. म्हणाली, "बोलत नाहीस तर निदान लिही." ठीक आहे. लिहिताना समोर बसून कुणी आपलं तोंड बघत नाही, एवढं एक बरंय.

मी सतरा वर्षांची. नववीत शाळा सोडली. आता लाँड्रीत जाते, सकाळची शिफ्ट. हॉस्पिटलच्या चादरी येतात. त्या धुवायच्या, वाळवायच्या, गरम रोलरमधून काढायच्या आणि घड्या घालायच्या. मशीनचा इतका आवाज असतो की कुणी कुणाशी बोलूच शकत नाही. मला ती जागा फार आवडते. तिथल्या सुपरवायझर काकूंचा आवाज तेवढा मशीनच्या वर जातो. त्यांना माणूस कमी आणि भोंगा जास्त म्हटलं तरी चालेल.

घरी आम्ही चौघं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, आई घरीच गणवेश शिवते, ताई एचआर शिकते. एचआर म्हणजे काय हे बाबांना दोन वर्षांत कळलेलं नाही. आज जेवताना परत तेच.

"म्हणजे शेवटी माणसं कामावर घ्यायची आणि काढायची, एवढंच ना? त्याला कॉलेज कशाला? आमचा ठेकेदार दोन्ही एका शिटीत करतो."

"म्हणूनच तुमच्याकडे माणूस टिकत नाही," ताई म्हणाली.

"मी टिकलोय की!"

"तुम्ही अडकलाय, बाबा. लिफ्टमध्ये अडकतात तसे."

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. मी पण हसले. आतल्या आत.

१० जून

ताईने आज माझ्या डोक्यावर धोंडाच घातला. त्यांच्या कॉलेजात इंटरव्ह्यू घ्यायचा सराव करतात. समोर बसायला खोटा उमेदवार लागतो.

"आपापसात करून उपयोग नाही गं, सगळे एकमेकांना ओळखतात. बाहेरचं माणूस आणावंच लागतं. नाहीतर मार्क कापतात. माझ्याकडे कुणीच नाहीये."

मी नुसतीच मान हलवली. नाही म्हणून.

"तुला तुझं काही बोलायचंच नाहीये. कार्ड मिळतं. कार्डावरचा माणूस व्हायचं. तू तू नसशीलच."

हे मात्र माझ्या मनात बसलं. मी मी नसेन, तर मग घाबरेल कोण?

तरी झोपताना शाळेचं आठवलं. तोंडी परीक्षा होती. सरांनी उभं केलं. मला सगळं येत होतं, शप्पथ. पण सगळे वळून बघायला लागले आणि तोंडाला कुलूप. सर म्हणाले, "काय, जीभ घरी ठेवून आलीस?" वर्ग फुटला हसून. दुसऱ्या दिवशी माझं पोट दुखलं. मग ते दुखतच राहिलं.

ताईचे मार्क कापले जाणार म्हणून हो म्हणाले. नाहीतर माझं काय अडलंय.

१३ जून

जाऊन आले!! कॉलेजचं फाटक बघूनच मी मागे वळले. ताई हात धरून घेऊन गेली, जणू मी बालवाडीत चाललेय.

सरावाची खोली जिन्याच्या कोपऱ्यात आहे. टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. टेबलाच्या पलीकडे गादीच्या खुर्च्या आणि अलीकडे एकच लाकडी खुर्ची, उमेदवाराची. तिचा एक पाय आखूड आहे. जरा हललं की डुगडुगते. वर्गातली बाकीची मुलं मागे भिंतीला टेकून बसतात आणि बघतात.

शिकवणाऱ्या मॅडम चष्मा डोक्यावर चढवून ठेवतात आणि मग तोच शोधत बसतात. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "खुर्ची मुद्दाम नीट केली नाही. समोरचा किती घाबरलाय ते ऐकू येतं."

मग नियम सांगितला. दारावर टकटक केली की आपण संपलो. बाहेर पडेपर्यंत कार्डावरचा माणूस. वय विचारलं तर त्याचं, हसू आलं तर त्याचं, रडू आलं तरी त्याचंच.

माझं कार्ड असं होतं: गोदामाचे प्रमुख. वय बेचाळीस. अकरा वर्षं अनुभव. हाताखाली चौदा माणसं. आणि खाली मॅडमनी पेनाने लिहिलेलं, 'कुणाच्या बापाला घाबरत नाही.'

प्रश्न विचारायला ताईच्या वर्गातला एक ताडमाड मुलगा होता. मी त्याला जिराफ म्हणते (इथेच, तोंडावर नाही). टकटक केली, आत गेले, बसले. खुर्ची डुगडुगली.

"स्वतःबद्दल सांगा," जिराफ म्हणाला.

आणि माझ्या तोंडातून आवाज आला! "मी अकरा वर्षं गोदाम सांभाळतोय." तो आवाज कुणाचा होता सांगू? लाँड्रीतल्या काकूंचा. थेट भोंगा. जिराफ खुर्चीतच मागे सरकला.

"तुमच्यातली एखादी उणीव?"

"उगाच प्रश्न विचारणारी माणसं मला चालत नाहीत."

सगळे हसले. पण हे हसणं शाळेतल्यासारखं नव्हतं. हे माझ्यावर हसणं नव्हतं, गोदामवाल्यांबरोबर हसणं होतं. यातला फरक अंगाला कळतो.

बाहेर आले आणि जिराफाने सहज विचारलं, "मस्त केलंस गं! तू काय करतेस?" झालं. परत कुलूप. ताईच सांगायला लागली, लाँड्री वगैरे. मी भिंतीवरच्या सूचना वाचायचं नाटक करत उभी राहिले.

तिथे एक कागद होता. 'शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठी एक वर्षाचा मनुष्यबळ सहायक अभ्यासक्रम. सोबत शाळेची राहिलेली परीक्षा बाहेरून देता येईल. प्रवेश फक्त मुलाखतीवर.' मी तो परत परत वाचला. हवाहवासा वाटला, खोटं कशाला बोलू. पण शेवटचा शब्द बघा ना. मुलाखतीवर. म्हणजे संपलंच.

२ जुलै

जवळजवळ रोज दुपारी जाते आता. लाँड्री सुटली की तशीच. आई म्हणते, "पगार तरी देतात का तुला तिथे?" मी म्हटलं, ताईच्या मार्कांसाठी. आई ताईकडे बघून हसली. यात हसण्यासारखं काय आहे?

मी आत्तापर्यंत काय काय झाले: पगारवाढ मागणारा ड्रायव्हर. बाळंतपणानंतर कामावर परत आलेली नर्स. सहकारी रोज टोमणे मारतो म्हणून तक्रार घेऊन आलेली कॅशियर. दोनदा मला नोकरीवरून काढलं. पण सगळ्यात जास्त वेळा गोदामवाले. वर्गाला ते फार आवडतात. मी जिन्यात दिसले की मुलं म्हणतात, "आले, साहेब आले!"

मला आता कळलंय की एचआर हे एकच काम नाहीये. जिराफाला भरती करायचीय, नवीन माणसं शोधायची. पण तो प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो, म्हणजे उमेदवार घरी बसला तरी चालेल. लांब वेणीवाल्या मुलीला पगाराचा विभाग हवाय. ती म्हणते, पगार वेळेवर आणि बरोबर गेला की ऑफिसातली अर्धी भांडणं जन्मालाच येत नाहीत. ताईला नवीन माणसांना काम शिकवायचंय. कामगारांच्या सुरक्षेचं बघायचं, कायद्याचं बघायचं, ते पण एचआरच. मॅडमनी कॉलेजात यायच्या आधी एका कारखान्यात तक्रारी ऐकायचं काम केलंय. त्या म्हणतात, माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा पहिली सांगतो ती खरी नसते. तो खुर्चीतून उठताना जी सांगतो ना, ती खरी.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या ठेकेदाराला पाठव त्यांच्याकडे. आम्हाला खुर्चीतून उठायचा प्रश्नच नाही, खुर्चीच नाही."

मला ते तक्रारी ऐकायचं काम आवडेल. ऐकायला मला कधीच कंटाळा येत नाही. पण ऐकायची नोकरी मिळवायला आधी बोलून दाखवावं लागतं. हा कुठला न्याय?

१८ जुलै

आज नवीन प्रकार होता. कुणी नोकरी सोडून चाललं की जाताना त्याला बसवून विचारायचं, बाबा रे, का चाललास? ते पण एचआरचं काम. मॅडम म्हणाल्या, माणूस येताना सगळे दार उघडतात, जाताना कुणी चौकशी करत नाही. ती करायला शिका.

कार्डावर होतं, गोदामवाले नोकरी सोडून चाललेत. कारण, उमेदवाराने स्वतः ठरवावं.

पहिल्यांदा जिराफ. "का सोडताय? पगार कमी पडतो? साहेब त्रास देतात? घर लांब पडतं?" मला बोलायला फटच मिळेना. मी नुसती "हं, हं" करत सुटले.

मग ताईचा नंबर. तिने विचारलं, "का सोडताय?" आणि गप्प बसली.

मी काही ठरवलंच नव्हतं. खुर्ची डुगडुगत होती. ताई काहीच बोलेना. जग, घड्याळ, टेबल, सगळं बघून झालं. आणि मग मी काय बोलले ते मलाच नीट माहीत नाही. असं काहीतरी होतं:

"एक दिवस आलो नाही. मग दुसऱ्या दिवशी आलो नाही. वाटलं, कुणीतरी विचारायला येईल. कुणी आलंच नाही. मग नाव काढून टाकलं. माझ्या जागेवर दुसरं कुणी बसत असेल आता."

ताईने हळूच विचारलं, "विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं की मला येतं सगळं. फक्त उभं करून विचारू नका. बसून विचारा."

ताई एकदम उठली, म्हणाली पाणी पिऊन येते, आणि बाहेर गेली. पाण्याचा जग तर तिच्या समोरच होता! एवढा अभ्यास करून डोकं चालत नसेल बिचारीचं.

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा काढला, पुसला आणि परत डोक्यावरच ठेवला. म्हणाल्या, "गोदामवाल्यांच्या गोदामात असं होतं, हे कार्डावर नव्हतं."

मी म्हटलं, "सुचलं."

१९ जुलै

घरात काहीतरी शिजतंय. मी आले की सगळे गप्प. बाबांनी मला विनाकारण नवीन पेन आणून दिलं. आई शिवणयंत्र थांबवून मध्येच माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. ताईचं लग्नबिग्न ठरवतायत की काय?

५ ऑगस्ट

वाईट दिवस.

मॅडमनी नवीन कार्ड दिलं. वय सतरा. शाळा अर्धवट सोडलेली. नोकरी करते. बोलायला लाजते. बस, एवढंच. मी सहसा मॅडमशी बोलत नाही, पण आज धीर करून पुटपुटले, "या कार्डात काहीच नाहीये."

"मग तू भर," त्या म्हणाल्या.

वय आणि शाळा माझ्यासारखीच, हे माझ्या लक्षात आलं होतं. योगायोग. मॅडमकडची कार्डं संपत आली असणार.

टकटक. बसले. जिराफ म्हणाला, "स्वतःबद्दल सांगा." आजकाल तो पण प्रश्न विचारून थांबायला शिकलाय. मी तोंड उघडलं. काही नाही. काकूंचा आवाज बोलवला, तो पण येईना. या मुलीला कसला आवाज असतो तेच माहीत नाही मला. खुर्ची तेवढी बोलत होती. शेवटी मीच उठून बाहेर आले.

गोदामवाल्यांचं मी काहीही सांगू शकते. त्यांच्या बायकोचा स्वभाव, त्यांची सायकल, सगळं. आणि ही मुलगी अगदी कोरी.

मॅडम मागून जिन्यात आल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. म्हणाल्या, "आज वाईट झालं. वाईट होऊ शकतं. उद्या ये." आणि चष्मा शोधत निघून गेल्या.

९ ऑगस्ट

ताईने त्या सहायक कोर्सला माझा अर्ज भरून टाकलाय. न विचारता! इंटरव्ह्यू याच महिन्यात.

मी ओरडले. हो, मी. "तुला कुणी सांगितलं होतं? माझं काय हसं करायचंय का परत? तुझे मार्क झाले ना वाढवून? मग आता मला सोडा की!" आणखी पण बरंच बोलले.

बाबा स्वयंपाकघरातून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावत आले. दारात उभे राहून ऐकत राहिले. मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं बघ, बोलते की! खणखणीत बोलते!"

माझा राग तिथेच फुस्स झाला. रागात हसू आलं की काहीच करता येत नाही.

ताई म्हणाली, "जागा थोड्या आहेत, खरंय. मॅडम तुला ओळखतात म्हणून त्या इंटरव्ह्यू घ्यायला नसतील. अनोळखी तिघं असतील. नाही जमलं तर लाँड्री आहेच. पण जाऊन तर ये."

लाँड्री आहेच, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१५ ऑगस्ट

रोलरवर चादरी घालताना सराव करते. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. "मी सतरा वर्षांची आहे." "मी सतरा वर्षांची आहे." पुढे जात नाही गाडी. काकू येऊन म्हणाल्या, "काय गं, ओठ हलवतेस, चादरींना मंत्र घालतेस की काय?"

२४ ऑगस्ट

आज झाला इंटरव्ह्यू. सगळं आत्ताच लिहिते.

कुठे होता माहितीये? सरावाच्याच खोलीत! बाकीच्या खोल्या रिकाम्या नव्हत्या म्हणे. मला एकदम हायसं वाटलं, ओळखीची जागा. आणि तिथेच घात झाला.

तेच दार. टकटक केली. तोच जग, तेच बंद घड्याळ. पलीकडे तिघं. कॉलेजचे प्राचार्य, जाड फाइल घेतलेल्या एक बाई आणि कुठल्याशा कंपनीचे एचआरप्रमुख, टाय लावलेले. मी बसले. खुर्ची डुगडुगली.

टायवाले म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा."

आणि मी, काकूंच्या आवाजात, ताठ मानेने म्हणाले, "मी अकरा वर्षं गोदाम सांभाळतोय. हाताखाली चौदा माणसं आहेत."

सांभाळतोय!

फाइलवाल्या बाईंनी फाइल उघडली, एक पान मागे गेल्या, एक पान पुढे गेल्या. म्हणाल्या, "तुझं वय सतरा ना?"

"हो."

"म्हणजे सहाव्या वर्षी गोदाम?"

प्राचार्यांनी रुमाल तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते. आणि मला ते ऐकू आलं, शाळेतलं, सगळा वर्ग. कान तापले. पाय आपोआप दाराकडे वळले. खरंच वळले, चप्पल अर्धी फिरली होती. उठले की संपलं, परत पोट दुखणार, परत कुणी विचारायला येणार नाही.

मी उठले नाही. का ते सांगता येणार नाही. तिघं थांबले होते एवढंच दिसलं. कुणी दुसरा प्रश्न टाकला नाही, कुणी जिभेबद्दल बोललं नाही. खुर्ची डुगडुगून डुगडुगून शांत झाली, म्हणजे मी पण झाले असणार.

मी म्हटलं, "ते गोदामवाले होते. ते या खोलीत नेहमी येतात. मी आज पहिल्यांदाच आलेय. परत सुरू करू का?"

हा आवाज काकूंचा नव्हता. बारीक होता. पण निघाला.

"करा की," टायवाले म्हणाले.

मग मी सांगितलं. सरावाचं, कार्डांचं, टकटक केली की आपण संपतो त्या नियमाचं. टायवाले मोठ्याने हसले आणि मी पण हसले, बाहेरून! मग लाँड्रीचं सांगितलं. कोण कुणाशी बोलू शकत नाही अशा ठिकाणीही मला कसं कळतं, कोण आज घरून भांडून आलंय आणि कुणाचा हात भाजलाय पण तो दाखवत नाहीये. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की ती कोरी मुलगी एवढी कोरी नाहीये.

मग फाइलवाल्या बाईंनी विचारलं, "शाळा का सोडलीस?"

मी म्हटलं, "हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय."

"मग नीट सांग. घाई नाही."

मी सांगितलं. तोंडी परीक्षा, कुलूप, जीभ, हसणं, पोट. काही गाळलं नाही. आणि शेवटी म्हटलं, "मला माणसं सोडून जाताना विचारायचं काम शिकायचंय. बसून विचारायचं."

प्राचार्यांचा रुमाल अजून तोंडाशीच होता, पण खांदे हलत नव्हते. म्हणाले, "झालं, ये तू."

दाराशी पोचले तेवढ्यात टायवाल्यांनी हाक मारली, "गोदामवाल्यांना आमचा नमस्कार सांगा."

"सांगते," मी म्हटलं. लगेच! विचार न करता!

ताई जिन्यात नखं खात बसली होती. काय झालं, काय झालं? मी म्हटलं, "सांभाळतोय म्हणाले." तिने कपाळावर हात मारला.

२९ ऑगस्ट

निकाल अजून नाही. मला वाटतं नाहीच होणार. सहाव्या वर्षी गोदाम सांभाळणाऱ्या मुलीला कोण घेईल? पण गंमत म्हणजे पोट दुखत नाहीये. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी परत जाईन. आधी खुर्चीला सांगेन, आज मीच आहे म्हणून.

३ सप्टेंबर

घेतलं!!!!!

फळ्यावर नाव लागलंय. ताईने मला उचललं आणि आम्ही दोघी पडलो. जिराफाने जिन्यातूनच आरोळी ठोकली, "साहेबांना ॲडमिशन मिळाली!" ज्यांना मी कधी बघितलं पण नाही अशी मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी पळून गेले नाही. लाल झाले, पण उभी राहिले.

बाबांना फोन केला तर ते कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले. तिथूनच ओरडले, ते ऐकून वॉचमनला वाटलं अपघात झाला. संध्याकाळी आम्हा तिघींना त्याच इमारतीत घेऊन गेले. गावातली सगळ्यात उंच. वॉचमन त्यांचा दोस्त. आम्हाला लिफ्टमध्ये घातलं आणि थेट गच्चीवर. आई डोळे घट्ट मिटून म्हणाली, "अडकलो तर?" बाबा म्हणाले, "मी आहे की." वरून आमचं घर दिसत होतं, लाँड्रीची चिमणी दिसत होती, कॉलेज दिसत होतं. तिन्ही किती जवळजवळ आहेत. मला उगाच वाटायचं लांब आहेत.

आई म्हणाली, "मला आता सांग बाई, हे एचआर म्हणजे नक्की काय?"

मी सांगायला तोंड उघडलं तर बाबाच म्हणाले, "अगं, माणूस मजल्यांच्या मध्ये अडकला की त्याला आतून हाक मारायची. घाबरू नको म्हणायचं. मग दार उघडायचं."

दोन वर्षं ताई डोकं फोडत होती, आणि बाबांना कळलंच.

१० सप्टेंबर

लाँड्रीत आज शेवटचा दिवस. काकूंकडे माझ्या कपाटाची चावी द्यायला गेले. त्यांनी घेतली, म्हणाल्या, "बरं, ये आता," आणि मशीनकडे वळल्या.

मी हललेच नाही. म्हटलं, "काकू, मला विचारा ना, का सोडतेय ते."

मशीनचा आवाज होता. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी त्यांच्याच आवाजात, पूर्ण भोंग्यात, "काकू! मला विचारा, मी का सोडतेय!"

रोलरवरच्या सगळ्या बायका थांबल्या. काकूंनी हात पुसले. एक उलटी बादली माझ्याकडे सरकवली, दुसरीवर स्वतः बसल्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं बसायला.

"का सोडतेयस गं?"

"कॉलेजला जातेय!"

काकूंनी एक धुतलेली चादर घेतली आणि तिने डोळे पुसले. हॉस्पिटलची चादर, म्हणजे परत धुवावी लागणार. मग म्हणाल्या, "आवाज कुठून आणलास हा?"

आता त्यांना काय सांगू.

१७ सप्टेंबर

कॉलेजचा पहिला दिवस. गादीच्या खुर्चीत बसले! पलीकडच्या बाजूने ती खोली वेगळीच दिसते. बंद घड्याळ उमेदवाराच्या डोक्यावर येतं.

माझ्यासमोर उमेदवार म्हणून आमच्या वर्गातला एक भला दांडगा मुलगा होता. मी म्हटलं, "स्वतःबद्दल सांगा," आणि गप्प बसले. खुर्ची वाजत राहिली. मागून कुणीतरी खुसखुसलं, मी वळून बघितलं तर बंद झालं. मग मी परत थांबले. त्याला लागेल तेवढं थांबले. आणि तो बोलला. मॅडम चष्मा शोधायला लागल्या, पण मला दिसत होतं की त्यांना माहीत होतं तो कुठे आहे.

मधल्या सुट्टीत जिराफ भेटला. त्याला नोकरी लागलीय, भरतीतच. मी म्हटलं, आता तुम्हाला खोटे उमेदवार मिळायचे नाहीत, कसे मार्क मिळतील? तो म्हणाला, "कसले मार्क? बाहेरचा उमेदवार आणायला कुणाला सांगितलं होतं? आम्ही सगळे आपापसातच करायचो. तुझ्या ताईनेच मॅडमना विचारून तुला आणलं." आणि मग एकदम जीभ चावली आणि लांब लांब टांगा टाकत निघून गेला.

म्हणजे ताईला नियमच नीट कळला नव्हता! उगाच बिचारी मार्क कापतील म्हणून इतके दिवस घाबरत राहिली, मला रोज घेऊन गेली, माझ्या विनवण्या केल्या. मॅडमच्यासुद्धा लक्षात आलं नाही म्हणजे कमाल आहे.

आता तिला नवीन माणसांना शिकवायची नोकरी लागलीय, पुढच्या सोमवारपासून. एवढी खुश आहे. कामावर जायच्या तोंडावर, तुझी एवढी मोठी चूक झाली होती असं कशाला सांगायचं? तिला वाईट वाटेल.

आपण गप्प राहायचं. ते मला चांगलं जमतं.